कोयकराचा आवाज

माझा नवरा कुजबुजत बोलतो. घसा बिघडलाय म्हणून नव्हे. त्यांच्या घराण्यात सगळे असेच. मला मागणी घातली तीसुद्धा कुजबुजत. मी म्हटलं, "काय?" त्याने पुन्हा ओठ हलवले. मी पुन्हा म्हटलं, "काय?" शेवटी बिचारा लालबुंद होऊन सायकलकडे वळला, तेव्हा मी अंदाजानेच "हो, हो" म्हणून टाकलं. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी त्याला चिडवायचे, की तू त्या दिवशी बहुधा सायकलचा पंप मागत होतास आणि गळ्यात मी पडले.

विब्रेन कोयकर आहे. त्याचा बाप कोयकर होता, आजाही. कोय म्हणजे झाडीत दडवलेलं बदकांचं तळं. तळ्याच्या कोपऱ्यांतून वाकडे चर निघतात, त्यांच्यावर जाळी आणि कडेला बोरूचे कूड. कोयकर कुडामागे लपून राहतो, आपल्या श्वासाचा वास बदकांना जाऊ नये म्हणून दलदलीतल्या जळाऊ मातीच्या वाळक्या विटेचा धुमसता तुकडा तोंडासमोर धरतो, आणि आयुष्यभर कुजबुजतो. कोयीभोवती दगड रोवलेले आहेत. त्या दगडांच्या आत बंदूक नाही, भांडण नाही, शिंकसुद्धा नाकात दाबायची. हा कायदा आमच्या गावच्या चर्चहून जुना आहे आणि चर्चमधल्या प्रवचनापेक्षा जास्त पाळला जातो.

आणि माझं माहेर? माझे वडील गावच्या बर्फ-मंडळाचे प्रमुख. कडाक्याची थंडी पडली की कालव्यावरच्या बर्फाला भोक पाडून त्याची जाडी बघायचे, आणि कर्णा तोंडाला लावून अख्ख्या गावाला ओरडून सांगायचे, "या रे या, बर्फ धरलाय!" मग शाळा बंद, दुकानं बंद, म्हातारेकोतारेसुद्धा पायांत स्केट बांधून बाहेर. इथल्या माणसाला बर्फ म्हणजे सण. अशा घरातली मी नेमकी बर्फ फोडणाऱ्या घरात येऊन पडले.

कारण कोय गोठू द्यायची नसते. गाव बर्फाची वाट बघत असतं तेव्हा आमच्याकडे चेहरे उतरलेले. विब्रेनच्या घरात म्हणच आहे, कोय गोठली तर चूल गोठली. थंडी आली की कोयकराने सपाट होडीत बसायचं, ती डोलवत डोलवत बर्फ फोडायचा, तुकडे काठाखाली सारायचे, आणि मधलं पाणी उघडं ठेवायचं. सासऱ्यांनी एका भयंकर हिवाळ्यात तळव्यांची सालटी निघेपर्यंत होडी डोलवली होती. त्यांच्या तसबिरीतही हात खिशात आहेत, बहुतेक म्हणूनच.

आमच्याकडे पाळीव बदकं असतात. संध्याकाळी ती उडून बाहेर जातात, ओढ्यांवर, कुरणांवर, समुद्राच्या बांधाकडे, आणि पहाटे परततात ती रानातल्या पाहुण्यांना मागे लावूनच. मग टिप, आमचा छोटा तांबूस-पांढरा कुत्रा, कुडांच्या फटींतून दिसतो-लपतो, दिसतो-लपतो. बदकांची जात चौकशीखोर. बघायला म्हणून त्याच्या मागे चरात शिरतात आणि शेवटच्या पेटीत पोचतात. सासऱ्यांच्या काळी तिथून ती बाजारात जायची. आता विब्रेन त्यांच्या पायात कडं घालतो आणि सोडून देतो.

या सगळ्या पाळीव फौजेची सरदारीण होती बेप्पे. बेप्पे म्हणजे आमच्याकडे आजी. ती पिल्लू असल्यापासूनच आजीसारखी चालायची, ढुंगण हलवत, सगळ्यांवर खेकसत. आईवेगळं पिल्लू. विब्रेनने ते आपल्या जुन्या तपकिरी कोटाच्या खिशात वाढवलं. रोज त्याच कोटातून तिला दाणे. ती एकटी अशी कधी परतली नाही. जेव्हा आली तेव्हा आभाळभर पाहुणे घेऊन आली. मी म्हणायचे, माझ्या सासूलासुद्धा एवढा गोतावळा जमवणं जमलं नाही.

गेल्या काही हिवाळ्यांपासून आमच्याकडे यिस्का येते. पक्ष्यांच्या रोगांवर काम करणारी मुलगी. पेटीतली बदकं एकेक हातात घेते, कापसाची काडी आधी घशात फिरवते, मग शेपटीखाली, आणि नळीत ठेवते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विब्रेन माझ्या कानात म्हणाला, "पाहुण्यांची अशी मागून विचारपूस करायची ही कुठली रीत?" यिस्काला ते ऐकू गेलं. ती इतकी हसली की दोन बदकं हातातून सुटली. त्या दिवसापासून ती आमच्या घरची झाली.

ही गोष्ट घडली त्या वर्षी नाताळाच्या आधी सीत्से दगडापाशी येऊन उभा राहिला. सीत्से म्हणजे शेजारचा गाईवाला. त्याचं कुरण आमच्या कोयीला लागून. तो दगडाच्या आत पाऊल टाकत नाही, पण कुजबुजणं त्याला कधीच जमलेलं नाही.

"विब्रेन! अरे विब्रेन! माझ्या गवतावर परत मेलेली बदकं पडलीत."

"हळू बोल रे," विब्रेन म्हणाला.

"हळूच बोलतोय की! आज तर शिट्टीवालीच सगळी. एक अजून जिवंत आहे, पण मान अशी फिरवतेय, बघवत नाही बघ."

आम्ही हातमोजे, मास्क चढवून गेलो. तांबड्या डोक्याची ती शिट्टी घालणारी बदकं, उत्तरेकडून आमच्याकडे हिवाळा काढायला येतात. ओल्या गवतात इथे एक, तिथे एक पडलेली. जी जिवंत होती ती गोल गोल फिरत होती, जणू पाठीमागून कुणी हाक मारतंय आणि कोण ते सापडत नाहीये. विब्रेनने ती उचलली, आणि त्याच्या हातातच ती गेली. मेलेलं प्रत्येक पाखरू पिशवीत ठेवताना तो काहीतरी पुटपुटत होता. या वेळी मला ऐकू आलं. "माफ कर" म्हणत होता.

घरी येताना मात्र त्याची मान ताठ. "बाहेर मरतायत, दिऊके. माझ्या तळ्यावर एक तरी मेलेलं दिसलं का तुला? एक?"

"नाही दिसलं."

"मग! माझं पाणी स्वच्छ आहे. इथे शांतता आहे, दाणा आहे. काय येतंय ते बाहेरून येतंय."

मलाही ते पटलं. का पटू नये? रोज डोळ्यांना तेच दिसत होतं. आमची हिरव्या डोक्याची बदकं गुटगुटीत, पिसं चमकदार, आवाज खणखणीत. रोग कसा असतो ते आम्हांला ठाऊक होतं: मान वाकडी, डोळे पांढुरके. तसलं आमच्या तळ्यावर काही नव्हतं.

मग थंडी आली. पूर्वेचा वारा सुटला आणि कालवे एका रात्रीत धरले. गावात आनंदीआनंद. माझा भाऊ फोनवर ओरडला, "ये गं, बर्फ धरलाय!" आणि मी नेहमीसारखं म्हटलं, "आमच्याकडे फोडणं चाललंय."

विब्रेन होडीत बसला होता. वय झालंय त्याचं, बोटांची पेरं सुजतात, पण होडी डोलवायला लागला की त्याच्या अंगात बाप शिरतो. मोठी सरोवरं गोठली तशी सगळीकडची पाखरं आमच्याकडे लोटली. हिरव्या डोक्याची, शिट्टीवाली, लांब शेपटीची, काळ्या शेंडीची. मुंगीला शिरायला जागा नाही अशी अवस्था. पाणी दिसेचना, नुसत्या पाठी. बेप्पे सकाळी यायची, रात्री जायची, आणि रोज आणखी पाहुणे आणायची. विब्रेनचा चेहरा असा उजळला होता, जणू त्याच्याच घरी लग्न आहे.

"साऱ्या जगाने दार लावून घेतलं," तो संध्याकाळी म्हणाला, "आपलं उघडं आहे, दिऊके."

मला त्याचा अभिमान वाटला. हे सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात हा अभिमान मला फार टोचला.

यिस्का आली तेव्हा कुडाच्या फटीतून तिने तळं पाहिलं आणि बराच वेळ हललीच नाही. मग तिने काठाचं पाणी एका बाटलीत घेतलं, आणि घरात आल्यावर कोटही न काढता बसली. मी वाटाण्याचं घट्ट सूप वाढलं, राईचा पाव ठेवला. तिने चमचा उचलला नाही.

"विब्रेन, बर्फ फोडणं थांबवा."

"काय?" विब्रेन म्हणाला. आमच्या संसारात "काय?" हा शब्द पहिल्यांदाच त्याच्या बाजूने आला.

"तळं गोठू द्या."

"अगं पोरी, थंडीत जातील कुठे ती? मरतील."

"तुमची हिरव्या डोक्याची बदकं आजारी दिसत नाहीत, हो ना?"

"नाहीतच मुळी आजारी."

"दिसत नाहीत. बर्ड फ्लूचा हा विषाणू त्यांच्या आतड्यात राहतो, त्यांच्यातल्या कित्येकांना साधी सर्दीसुद्धा होत नाही. पण शिटेतून तो बाहेर पडतो. पडतो कुठे? पाण्यात. शेजारचं बदक तेच पाणी पितं, चोचीतून गाळतं, त्यातच खातं. उन्हाळ्यात कोमट पाण्यात तो फार टिकत नाही. पण असं गार पाणी असलं ना, तर आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो. आणि इथे सगळ्यांना मिळून पेला एकच."

"पण माझ्या तळ्यावर एकही मेलेलं..."

"विब्रेन," यिस्का हळूच म्हणाली, "शिट्टीवाली रात्री चरायला कुठे जातात?"

"सीत्सेच्या गवतावर."

"आणि दिवसा कुठे असतात?"

विब्रेनला उत्तर येत होतं. या पाखरांबद्दल त्याला येत नाही असं फारसं काही नाही. त्याने चमचा ताटलीत ठेवला, आवाज होऊ न देता, सवयीने.

"इथे," तो म्हणाला. "दिवसभर इथेच असतात. इथलंच पाणी पितात."

टिप टेबलाखाली शेपटी आपटत होता.

"म्हणजे मीच पाजलं त्यांना."

"तुम्ही रोग आणला नाहीत," यिस्का घाईघाईने म्हणाली. "तो पंखांवरून आला, कुठून कुठून. पण एवढ्याशा पाण्यात एवढी कोंडली की..."

"कळलं," मी फटकन म्हटलं. "कळलं त्याला. सूप गार होतंय तुझं." पोरीचा काही दोष नव्हता, तरी मी तिच्यावर चिडले. चिडायला जवळ दुसरं कोण होतं?

विब्रेनने विचारलं, "मग हाकलून देऊ?"

"अजिबात नको. बसलेली उठवलीत तर रोग घेऊन चहूकडे पांगतील. फक्त बर्फ फोडू नका, दाणे टाकू नका. पाणी मिटत जाईल तशी आपापली उठतील, समुद्राकडे, वाहत्या नदीकडे. तिथेही काही मरतील, खोटं कशाला सांगू. पण अशी एका पेल्याभोवती नाही. आणि नवी उतरायला लागली तर मात्र उतरू देऊ नका."

"आणि माझी?"

यिस्काने मान खाली घातली. "पाळीव सगळी आत घ्या. मी तपासते. स्वच्छ निघाली तर बंद खोलीत ठेवायची, थंडी सरेपर्यंत."

"नाही निघाली तर?"

"तर ठेवता येणार नाहीत. एक जरी बाधलेलं असलं तरी त्याच्याबरोबरची सगळी मारावी लागतील."

पाळीव बदकं पकडायला विब्रेनला काहीच कष्ट पडले नाहीत. टिप कुडातून दिसला-लपला, आणि ती बापडी दाण्याच्या आशेने चरातून सरळ पेटीत चालत आली. जन्मभर ज्या वाटेने परक्यांना नेलं त्याच वाटेने. यिस्काने काड्या फिरवल्या. आम्ही ती धुण्याच्या खोलीत ठेवली. माझ्या कपड्यांच्या मशीनवर बदक, टोपलीत बदक, इस्त्रीच्या फळीखाली बदक. दुसरी वेळ असती तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

सगळी आली. बेप्पे आली नाही.

ती आदल्या संध्याकाळी बांधाकडे गेली होती आणि त्या सकाळी परतलीच नव्हती. तिकडे वाऱ्याचा जोर होता, पाखरांचे थवे जागा बदलत होते. विब्रेन पेटीपाशी उकिडवा बसून राहिला. मी जबरदस्तीने त्याला घरात आणला.

मग तळं गोठू लागलं. गोठायला काही लागत नाही हो, काहीच करायचं नसतं, आणि तेच त्याला जमेना. होडी पालथी घातलेली. तो कुडामागे उभा, हातात धुमसता तुकडा. पाण्याच्या कडेने पांढरी किनार आत आत सरकत होती आणि पाखरं मधोमध दाटत होती. मग एकेक थवा उठू लागला. ओरड नाही, गडबड नाही, फक्त पंखांचा आवाज आणि वरून त्या शिट्ट्या. शेवटी बर्फावर शिटेचे हिरवट डाग आणि थोडी पिसं उरली. ते तळं असं मोकळं मी कधी पाहिलं नव्हतं. सासरे असते तर त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं असतं.

संध्याकाळी विब्रेन कुऱ्हाड घेऊन निघाला. मी दारात आडवी उभी राहिले.

"कुठे?"

"एवढंसंच. परातीएवढं भोक. बेप्पे आली तर तिला उतरायला."

"विब्रेन."

"एकटीपुरतं गं. तिला मी हातात घेईन, वेगळी ठेवीन, कोंबडीच्या जुन्या खुराड्यात..."

"ती एकटी कधी आली आहे का रे? सांग मला. एकदा तरी? तूच शिकवलंस ना तिला, एकटं यायचं नाही म्हणून?"

मला वाटलं आता चिडेल. मला बरंच वाटलं असतं. पण त्याने कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि धुण्याच्या खोलीत जाऊन त्या बदकांमध्ये जमिनीवर बसला. मी दार ओढून घेतलं. मला रडू येत होतं आणि ते त्याला दिसायला नको होतं.

यिस्काचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. "स्वच्छ आहेत! सगळी स्वच्छ आहेत, दिऊके!" मी पिठाच्या हातांनीच विब्रेनला मिठी मारली. तो हसला, बिनआवाजाचं. यिस्का फोनवर बोलतच होती. "पण ऐका, तळ्याच्या पाण्यात विषाणू निघालाय, यांना लागला नाही हे नशीब. आता बाहेरचं एकही आत यायला नको. पाळीव असलं तरी. अगदी कुठलंही." मी "बरं" म्हटलं. मला कळलं ती कुणाबद्दल बोलतेय, आणि विब्रेनलाही कळलं, कारण त्याचं हसू तिथेच थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली.

आधी धुण्याच्या खोलीतल्यांनी ऐकलं. एकदम सगळ्यांनी कल्ला केला, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. मग आम्हीही ऐकला: तो खेकसणारा, आजीबाईचा आवाज, वरून. विब्रेनने तो तपकिरी कोट अंगात चढवला, सवयीने धुमसता तुकडा उचलला आणि तो धावला. मी मागून.

आभाळ काळं झालं होतं पाखरांनी. पुढे बेप्पे. मागे सगळी बिऱ्हाडं, हिरव्या डोक्यांची, शिट्टीवाली, कुठून कुठून गोळा केलेली. इतक्या थंडीत, एवढ्या वाऱ्यात तिने आपलं काम चोख केलं होतं. ती तळ्यावरून गोल फिरली. खाली पांढरं बघून गोंधळली असावी. पण घरातून तिची मंडळी तिला हाका मारत होती, घर तेच होतं, झाडं तीच होती. ती खाली खाली येऊ लागली आणि मागचा सगळा थवा तिच्याबरोबर कलला.

"तू आत जा," मी विब्रेनला म्हटलं. "मी ओरडते. मला सवय आहे. वडिलांचा कर्णा माळ्यावर आहे, आणते मी."

"नको," तो म्हणाला. "माझी आहे ती."

तो बर्फावर चालत गेला. अगदी तळ्याच्या मधोमध, जिथे कोयकर कधी उभा राहत नाही, उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असा. हातातला धुमसता तुकडा त्याने टाकून दिला. बर्फावर तो चुर्रकन विझला. मग त्याने दोन्ही हात वर केले आणि ओरडला.

"जा! जा इथून! निघ! जा!"

माणसाचा इतका मोठा आवाज असू शकतो हे मला माहेरापासून माहीत होतं. पण हा आवाज वेगळा होता. आयुष्यभर दाबून ठेवलेला, गंजलेला, मध्येच फाटणारा. दगडांच्या आत, त्या कोयीत, कुणी असं ओरडल्याचं कुणाला आठवत नाही. टिप घाबरून माझ्या पायांत शिरला. सीत्से त्याच्या कुरणात होता. तो तिथेच टोपी काढून उभा राहिला.

बेप्पे अगदी झाडांच्या शेंड्याएवढी खाली आली होती. तिने पंख उलटे मारले, चक्क हवेत थांबली. मग वर गेली, वळली, पुन्हा आली. चिवट बाई ती.

"जा गं! जा ना! इथे काही नाही! जा!"

तो हात हलवत होता, पाय आपटत होता, पडला, उठला, पुन्हा ओरडला. मी काठावर उभी राहून दोन्ही हातांनी तोंड दाबलं होतं, म्हणजे माझा आवाज त्याच्यात मिसळू नये. घरातली बदकं अजून हाका मारत होती. बेप्पेने आणखी एक फेरा घेतला. मग तिने समुद्राकडे तोंड केलं, आणि मागचे सगळे तिच्या मागे वळले. जाताना ती एकदा खेकसली, नेहमीसारखीच. शिट्ट्या बराच वेळ ऐकू येत होत्या.

एकही उतरलं नाही.

विब्रेन तसाच उभा होता, आणि दिसायला काही उरलं नव्हतं तरी ओरडतच होता. मी जाऊन त्याचा दंड धरला तेव्हा थांबला. सीत्सेने लांबूनच हात केला आणि, नवलच म्हणायचं, काही बोलला नाही.

घरी आणून मी त्याला चुलीपाशी बसवलं. घसा पार बसला होता. गरम दूध दिलं, मध दिला. त्याचे ओठ हलले. काहीच ऐकू आलं नाही. सगळा जन्म मी त्याला म्हणत आले, जरा मोठ्याने बोल रे बाबा. आता मी खुर्ची ओढून जवळ बसले आणि कान त्याच्या तोंडाशी नेला.

"तिनं ओळखलं का गं मला?"

"नाही रे," मी लगेच म्हटलं. "कशी ओळखेल? तुझा आवाज तिनं ऐकलाच कधी होता? तिला वाटलं असेल, कुणी परका मेला येऊन ओरडतोय. तुझ्याकडे म्हणून येत होती, तो कुणी भलताच निघाला, एवढंच."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग मान हलवली, दोनदा, आणि दुधाचा पेला उचलला. सगळं दूध प्यायला. थोड्या वेळाने खुर्चीतच त्याचा डोळा लागला.

मी त्याचा ओला कोट हलकेच काढून घेतला आणि दारामागे टांगला. तपकिरी, जुना, बेप्पे ज्यात वाढली तो, उजव्या खिशात अजून दाणे असलेला. त्याबद्दल मी त्याला काही बोलले नाही.